सूचनेखालची ओळ

भोंगाकाकांना समोर कोणी भोंगाकाका म्हणत नसे. समोर नुसतं काका. पाठ वळली की मागून भोंगा लागायचा. बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून त्यांनी उभी हयात गाड्यांच्या घोषणा केल्या होत्या. निवृत्त झाल्यावर माइक काढून घेतला, पण आवाज कोण काढून घेणार? चहात साखर कमी पडली हे ते बायकोला सांगत आणि आजूबाजूच्या चार घरांना कळे. बायको गेल्यावर मात्र घर गप्प झालं आणि काकांचा आवाजही खाली आला. दोन खोल्यांत ऐकायला दुसरं कोणी उरलंच नव्हतं.

स्वभाव मात्र तोच. एका जागी बसणं या माणसाला जन्मात जमलं नाही. उठले की खिडकीशी, मग दाराशी, मग जिन्यात, मग पुन्हा खिडकीशी. नोकरीत हे खपून गेलं, कारण तिथे सारखी एखादी गाडी लागत होती नाहीतर सुटत होती. घरात काही लागत नाही आणि काही सुटत नाही. खालच्या मजल्यावर त्यांची थोरली बहीण राहायची. ती म्हणायची, अरे, तू वर येरझाऱ्या घालतोस आणि इकडे माझं डोकं उठतं, एकदा बस की कुठेतरी. काका म्हणायचे, तू झोपत जा ना दिवसाची, तुला कोणी अडवलंय. भावाबहिणीचं प्रेम हे असं.

अशा माणसाच्या हातात फोन आला, आणि फोनमध्ये फीड आली. मग काय विचारता.

फीड म्हणजे काय हे त्यांना कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने शिकवलं. सरकारी कार्यालयांच्या संकेतस्थळावर खाली कुठेतरी एक लहानसं नारिंगी चिन्ह असतं, एका टिंबातून लाटा निघाल्यासारखं. त्यावर बोट ठेवायचं, जो पत्ता मिळेल तो एका ॲपमध्ये टाकायचा, की झालं. त्या कार्यालयाने नवी सूचना काढली, नवी बातमी टाकली, की ती आपणहून आपल्या फोनवर येऊन पडते. रोज उठून संकेतस्थळावर जाऊन बघायला नको. दुरुस्तीवाला म्हणाला, काका, त्यापेक्षा ईमेलवर मागवा, सोपं पडेल. काकांनी विचारलं, त्यात नाव द्यावं लागतं? द्यावं लागतं. आणि या फीडमध्ये? यात काहीच नाही, कोण वाचतंय हे त्यांना कळतसुद्धा नाही. काका म्हणाले, हेच घाल.

दुरुस्तीवाल्याला वाटलं, म्हातारा सरकारला घाबरतोय. काका कसले सरकारला घाबरतात! ते घाबरत होते पोटच्या मुलीला.

मुलगी त्या सूचना लिहायची. कार्यालय इथलं नव्हतं, बसने पाच तासांवरच्या एका दुसऱ्या जिल्ह्याचं होतं. तिथलं पाणी बंद असलं काय, तिथला पूल दुरुस्तीला काढला काय, काकांचं काही अडत नव्हतं. पण तिथलं वाचनालय कधी उघडतं, तिथे कुत्र्यांना लस कुठे टोचतात, तिथल्या कोणत्या रस्त्यावर खड्डे बुजवायचं काम चाललंय, हे त्यांना तिथल्या रहिवाशांपेक्षा आधी कळे.

बापलेकीत बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. झालं होतं ते असं. मुलगी लग्नानंतर दीड वर्षाने माहेरी परत आली. नवरा मारत नव्हता, पीत नव्हता. ती एवढंच म्हणाली की तिथे माझ्याशी कोणी बोलत नाही. मला खोलीतल्या कपाटासारखं वागवतात. काकांना हे कारणच वाटेना. चार दिवसांनी सासरची माणसं बोलणी करायला आली. सगळे बाहेरच्या खोलीत बसले, मुलगी आत चहा गाळत होती. कोणी काही विचारायच्या आत काकांनी आपल्या त्या ठणठणीत आवाजात सांगून टाकलं, सोमवारी सकाळच्या गाडीने ती निघेल. चहाचा ट्रे घेऊन मुलगी दारात उभी होती. तिने ट्रे ठेवला, सगळ्यांना कप दिले, बापालाही दिला. आणि रविवारीच निघून गेली, दुसऱ्या दिशेच्या गाडीने.

चालकाला न विचारता गाडी सुटल्याची घोषणा काकांनी नोकरीत कधी केली नव्हती. घरात केली.

बायको होती तोवर ती मुलीशी फोनवर बोलायची आणि मग काकांना ऐकू जाईल अशा बेताने भांड्यांना सांगायची. तिला म्हणे माहिती कार्यालयात नोकरी लागली. सूचना लिहायचं काम आहे म्हणे. काका पेपरात तोंड खुपसून सगळं ऐकत. बायको गेली तेव्हा मुलगी दोन दिवस आली. सगळ्यांशी बोलली, आत्याच्या गळ्यात पडून रडली, भांडी घासली आणि बापाकडे न बघता गेली. त्यानंतर भांड्यांशी बोलणारंही कोणी राहिलं नाही.

तिचा नंबर बायकोच्या फोनमध्ये होता. काका तो काढत, बघत आणि ठेवून देत. सुरुवातीला त्यांना वाटे, मी बाप आहे, आधी तिने बोलावं. पुढे तसं वाटणंही गेलं, नुसती लाज उरली. आणि लाजेला ते अजूनही ताठपणाच म्हणत, कारण ते म्हणायला बरं पडतं.

मग एक दिवस फीडवर पुलाची सूचना आली. अमुक पूल अमुक तारखेपर्यंत बंद, वाहतूक अमुक रस्त्याने. सरकारी सूचना असते तशीच, कोरडी ठक्क. पण खाली वेगळी एक ओळ होती: ‘फेरा लांबचा आहे, लहान मुलं बरोबर असतील तर पाणी घेऊन निघा.’

काका खिडकीशी उभे होते ते खाली बसले.

शाळा सुटल्यावर मुलगी थेट बसस्थानकावर यायची आणि काचेच्या खोलीत एका उपड्या खोक्यावर बसून अभ्यास करायची. काका माइकवर सांगत, अमुक गाडी उशिरा धावत आहे, की ती त्यांचा सदरा ओढायची. बाबा, किती उशिरा? आणि तोवर लोकांनी करायचं काय, ते सांगा ना. काका वैतागत, पण पुन्हा माइक चालू करून सांगत, गाडीला तासभर लागेल, आतल्या बाजूला बाक मोकळे आहेत, जाऊन बसा. लोकांना ते आवडलं. वरिष्ठांनी काकांची पाठ थोपटली. काकांनी ती थोपटूनही घेतली, पोरीचं नाव काही त्यांनी घेतलं नाही. ती ओळ पहिल्यापासून तिचीच होती.

तेव्हापासून काका सूचना खालून वर वाचायला लागले. आधी शेवटची ओळ. पाणी बंद असेल तर ‘आदल्या दिवशी भरून ठेवा, शेजारी म्हातारं माणूस असेल तर त्यांनाही सांगा.’ दाखले मिळणार असतील तर ‘दुपारनंतर गर्दी कमी असते.’ ओळ दिसली की त्यांना कळे, आज ती कामावर आली, ताळ्यावर आहे, तिला लोकांचा विचार करण्याइतकं बरं वाटतंय. त्या दिवशी मग येरझाऱ्या कमी होत.

ओळ नसली की गेला दिवस. सुट्टीच्या दिवशी सूचना नसत हे त्यांना कळत होतं, तरी सुट्टीच्या दिवशी ते फोन जास्तच बघत. दुरुस्तीवाला म्हणाला, काका, बोटाने ओढून ओढून काच झिजेल, सूचना निघाली की आपोआप येते. काका म्हणाले, तुझं तू बघ.

कधीकधी त्यांना राहवत नसे. संकेतस्थळावर अभिप्राय लिहायची जागा होती, तिथे ते तक्रार ठोकत. थांबा हलवला असं लिहिलंय, पण गाडी रस्त्याच्या कोणत्या बाजूला उभी राहणार ते नाही. खाली नाव, ‘एक प्रवासी’. दुसऱ्या दिवशी सूचना दुरुस्त होऊन येई. थांबा पाणपोईच्या बाजूला आहे, असं. काका दिवसभर खूश. वर्षानुवर्षं बापलेकीचा जो काही पत्रव्यवहार झाला, तो एवढाच.

आणि मग फीड गप्प झाली.

एक दिवस काही आलं नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आठवडा गेला. एवढा मोठा जिल्हा, तिथे ना पाणी बंद, ना रस्ता बंद, ना कसलं शिबिर. काका जेवायला बसत आणि अर्ध्यावर उठत. बहिणीने खालून काठीने छत ठोकलं, मग स्वतःच वर आली. काय झालंय ते विचारलं. काका म्हणाले, झोप येत नाही. दुपारी बाराला झोप येत नाही म्हणणाऱ्या भावाकडे बघून तिने हात टेकले. खरं तर तिला सांगितलं असतं तर तिने तिथल्या तिथे भाचीला फोन लावला असता. पण सांगणार कोण? नाक जाईल ना.

शेवटी काका दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने बघितलं आणि हसला. म्हणाला, काका, संकेतस्थळ नवं केलंय त्यांनी. सगळी खाती एकत्र आणली आणि पत्ते बदलले. तुमची जुनी फीड आता मेली, तिच्यावर काही यायचं नाही. तुमच्या कार्यालयाची नवी कुठली ते मलाही कळेना, इथे तर ढीगभर फीड आहेत. काका म्हणाले, सगळ्या घाल.

त्याने सगळ्या घातल्या. आणि काकांच्या फोनवर सरकार कोसळलं. मासेमारी, गटारं, वीज, शाळा, बांधकाम, झाडं तोडायच्या परवानग्या, जनावरांचे दवाखाने. फोन दिवसभर टुंग टुंग करी आणि प्रत्येक टुंगला काका उडत. कोणत्या जाळ्याची भोकं किती मोठी असावीत इथपासून कोणत्या इमारतीची लिफ्ट बंद आहे इथपर्यंत त्यांनी सगळं वाचून काढलं. आधी शेवट बघायचे. ओळ नाही, ओळ नाही, ओळ नाही.

ती नोकरी सोडून गेली असेल. तिला काढलं असेल. तिला काही झालं असेल. हे तिसरं आलं की काका जिन्यात जाऊन उभे राहत. एका सकाळी त्यांनी बायकोचा फोन काढला, चार्ज केला, मुलीचं नाव शोधलं. या वेळी ते ठेवणार नव्हते. अंगठा हिरव्या बटणावर नेला. घसा खाकरला, कारण पहिला शब्द नीट यायला हवा होता.

तेवढ्यात त्यांचा स्वतःचा फोन टुंग झाला.

आरोग्य व नागरिक सेवा, असं नवं नाव होतं. बाळांच्या लसीची सूचना होती. आणि खाली: ‘बाळ झोपलेलं असेल तर उठवण्याची घाई करू नका, रांगेतला नंबर जाणार नाही.’

काकांचा जीव भांड्यात पडला. ती आहे, तिथेच आहे, खातं बदललं एवढंच. बाळाची झोप मोडू नका म्हणणारी दुसरी कोण असणार? त्यांनी बायकोचा फोन बंद करून कपाटात ठेवला. त्या दिवशी ते पोटभर जेवले आणि बहिणीकडे जाऊन स्वतःहून चहा मागितला. बहीण घाबरलीच, याला ताप तर नाही ना म्हणून.

पुढचे काही महिने काकांना कसलाही घोर नव्हता. निदान त्यांच्या मानाने नव्हता. बाकीच्या फीड काढायचा आळस केला म्हणून त्या राहिल्या. मासे, गटारं सगळं येत राहिलं आणि काका ते सवयीने वाचत राहिले. पण आता त्यांचा डोळा आरोग्यावर असे, आणि तिथे जवळजवळ प्रत्येक सूचनेखाली ओळ असे. पूर्वीपेक्षा जास्तच. काकांना वाटलं, पोरगी रमलेली दिसते. बढती मिळाली असेल.

मग ती डोळ्यांच्या तपासणीची सूचना आली. वृद्धांसाठी मोफत शिबिर, जुन्या प्रशासकीय इमारतीत, तिसरा मजला. खाली ओळ: ‘येताना जुना चष्मा आणायला विसरू नका.’

काका वाचून पुढे गेले आणि मग त्यांना चुटपुट लागली. काहीतरी खुपत होतं. खिडकी झाली, दार झालं, जिना झाला, आणि जिन्यातच त्यांना ते सापडलं. बांधकाम खात्याच्या फीडवर दोनच दिवसांपूर्वी आलं होतं, त्याच इमारतीची लिफ्ट महिनाभर बंद. डोळ्यांनी अधू म्हातारी माणसं तीन जिने चढून जाणार, आणि त्यांना कोणी सांगतंय काय, तर चष्मा आणा! त्यांची मुलगी असं लिहील? जी पोरगी लहानपणी सदरा ओढून विचारायची, बाबा, त्या आजींना वर चढता येईल का, ती?

आधी ते चिडले. लिहायला घेतलं, ‘एक प्रवासी’ म्हणून. लिहून झालं आणि पाठवलं नाही. राग होता तिथे आता भीती येऊन बसली होती. ती इतकी बेपर्वा झाली असेल तर तिला काहीतरी झालंय. आणि बेपर्वा झाली नसेल तर हे लिहिणारी ती नव्हे. सूचनेच्या तळाशी कार्यालयाचा नंबर होता. तो त्यांनी लावला. हा नंबर मुलीचा नव्हता, सरकारचा होता.

पलीकडे एक बाई होत्या. घसा बसलेला, मागे टंकायचा आवाज. काकांनी लिफ्टचं सांगितलं. बाई म्हणाल्या, अरे देवा, हो का? बांधकामवाले आम्हाला कळवतात कुठे! दुरुस्त करते लगेच. काका म्हणाले, पण ही सूचना लिहिली कोणी?

“मीच लिहिली.”

“आणि आधीच्या? बाळ झोपलेलं असेल तर उठवू नका, ती?”

“तीही माझीच,” बाई म्हणाल्या. त्यांना थोडं बरं वाटलेलं दिसलं. मग त्या सांगत बसल्या. ही ओळ घालायची पद्धत आमच्या एक मॅडम होत्या त्यांची. लोकांना फार आवडायची. संकेतस्थळ नवं झालं त्याच सुमाराला मॅडम रजेवर गेल्या, तेव्हा साहेबांनी हुकूमच काढला की प्रत्येक सूचनेखाली अशी ओळ हवीच. मग मीच लिहिते आता सगळ्या. मला काही त्यांच्यासारखं सुचत नाही. त्या असत्या तर लिफ्टचं आधी विचारलं असतं.

काकांनी विचारलं, “रजेवर का गेल्या?”

“आजारी आहेत हो. पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. आता घरी आहेत, पण अजून अशक्तपणा आहे.” मग बाई जराशा सावध झाल्या. “आपण कोण बोलताय?”

काका आजवर या कार्यालयाशी एक प्रवासी म्हणून बोलले होते. तेच तोंडात आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

“मी तिचा बाप.”

पलीकडचा टंकायचा आवाज थांबला. मग त्या हळूच म्हणाल्या, “त्या तर म्हणाल्या होत्या, घरचं कोणी नाही. दवाखान्यात मीच जात होते.”

काकांनी पत्ता मागितला. बाईंनी तो दिला, पण देताना त्यांच्या आवाजातला गोडवा गेला होता.

ते महिने काकांना एकेक करून आठवायला लागले. ती दवाखान्यात पडली होती तेव्हा ते पोटभर जेवत होते. ती शुद्धीवर येत होती तेव्हा ते बहिणीकडे चहा मागत होते. त्या सकाळी अंगठा बटणावर होता. ती बाळाची सूचना पाच मिनिटं उशिरा आली असती तर फोन लागला असता. त्यांना त्या बसलेल्या घशाच्या बाईंचा राग आला आणि लगेच त्या रागाची शरम वाटली. दवाखान्यात ती परकी बाई जात होती.

बहिणीला त्यांनी जिन्यात उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. फीडचंही. बहिणीने पिशवी भरून दिली आणि ती दारापर्यंत आली. म्हणाली, मीही तिच्यावर रुसूनच बसले होते रे, फोन करत नाही म्हणून. तू निघ आता.

प्रवासभर काकांनी फोन खिशातून काढला नाही. तो टुंग टुंग करत होता, करू दिला. बाकावर कधी इकडे सरक, कधी तिकडे, शेजारचा माणूस शेवटी जागा बदलून पुढे जाऊन बसला. उतरल्यावर काकांना गाव ओळखीचं निघालं. हा तेव्हा बंद असलेला पूल, ही पाणपोई, हा खड्डे बुजवलेला रस्ता. सगळं वाचलेलं होतं, बघितलेलं काही नव्हतं. कोणाला न विचारता ते बाईंनी सांगितलेल्या, धोब्याच्या दुकानावरच्या खोल्यांपर्यंत पोचले आणि दार वाजवून उभे राहिले.

आतून पावलं यायला फार वेळ लागला. दार उघडलं. केस बारीक कापलेले, सदरा अंगावर लोंबलेला, एक हात चौकटीला धरलेला. तोंडावळा आईचा दिसायला लागला होता.

“कोणी सांगितलं?” तिने विचारलं.

“तुझ्या ऑफिसातल्या बाईंनी. त्यांनी फोन नाही केला. मीच केला. तक्रार करायला.”

तिच्या ओठाची एक कड हलली. “एक प्रवासी.”

 ती म्हणाली, दुसऱ्या कोणत्या प्रवाशाला गाडी कोणत्या बाजूला थांबते याची पडलेली असते? पहिल्याच तक्रारीला ओळखलं होतं. तिला वाटायचं, वाचतात ना, मग वाचू देत. ती ओळ लोकांसाठी होतीच, पण लिहिताना डोळ्यांपुढे कोण असायचं हे तिचं तिला माहीत. एवढं बोलून तिला दम लागला. मग तिने हात बदलला, चौकट दुसऱ्या हाताने धरली.

“म्हणून रजेवर जाताना घरी कोणाला कळवलं नाही मी. म्हटलं, ओळ बंद पडेल. दुसऱ्या कोणाला नाही कळलं तरी बाबांना कळेल. फोन उशाशी घेऊन पडले होते. एक आठवडा, दोन आठवडे. मग ठेवून दिला.”

“ओळ बंद राहिलीच नाही गं,” काका म्हणाले. “त्या बाई लिहीत होत्या. मला वाटलं, तूच. मी रोज वाचत होतो. मला वाटलं, तू बरी आहेस.”

 यातलं काही तिला माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. राग कुठे ठेवावा हे तिला क्षणभर कळेनासं झालं. मग ती अगदी हळू म्हणाली, “माझी ओळ कोणती आणि दुसऱ्याची कोणती, तुम्हाला ओळखू आलं नाही?”

काकांच्या गळ्याशी कितीतरी उत्तरं आली. लिफ्टचं आलं. शेवटी ओळखलंच की मी, हे आलं. पत्ते बदलल्याचं, अंगठा बटणावर असल्याचं, सगळं आलं. सगळं खरंच होतं. त्यांनी त्यातलं एकही बाहेर येऊ दिलं नाही.

“नाही,” ते म्हणाले. “नाही ओळखू आलं.”

खाली धोब्याच्या इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज आला. ती दारातच उभी होती आणि काका बाहेर. पाय जिन्याकडे ओढत होते, खिडकी असती तर तिकडे गेले असते. पण ते जागचे हलले नाहीत. आयुष्यात कधी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं.

“आत येऊ का?”

विचारून ते थांबले. पुन्हा विचारलं नाही, वाट बघितली.

“या,” ती म्हणाली. “पण आल्याआल्या काही ठरवू नका.”

काकांनी पिशवी दाराशी ठेवली आणि ती दाखवेल त्या खुर्चीवर जाऊन बसले.